दोघांचा आवाज : एका माहितीपटाच्या नोंदी

३ जून २०२५

आज वही उघडली. विषय ठरला : नाझिया आणि झोहेब हसन. कराचीत जन्मलेली, कराची आणि लंडन या दोन्ही घरांत वाढलेली बहीणभावाची जोडी. १९८० च्या 'कुर्बानी'तल्या 'आप जैसा कोई' या गाण्यापासून १९९२ च्या 'कॅमेरा कॅमेरा'पर्यंतची बारा वर्षं. लांबी पंचवीस मिनिटं.

येत्या १३ ऑगस्टला नाझियाला जाऊन पंचवीस वर्षं होतील. तोपर्यंत कच्चं संकलन हातात असावं, एवढीच मुदत मी स्वतःला घातली आहे.

कॅमेरावाल्या मित्रानं पहिल्याच चहाला विचारलं, कराचीची गोष्ट कोल्हापुरात बसून कशी सांगणार? आपल्याकडं ना व्हिसा ना पैसा. त्याचं बरोबर आहे. पण ही गाणी या गावानंही ऐकली आहेत. तालीम मंडळांच्या मांडवात वाजली, गल्लीतल्या ऑर्केस्ट्रांनी बसवली, मिरवणुकीत बेंजोवर आली. गाणाऱ्यांची गोष्ट ऐकणाऱ्यांच्या कानातून सांगता येते. माझा या गोष्टीवर विश्वास आहे.

५ जून

कालपट लावला. भिंतीवर चिकटवायच्या पट्ट्या केल्या :

नाझिया, जन्म ३ एप्रिल १९६५. झोहेब, १८ नोव्हेंबर १९६६. म्हणजे दीड वर्षाचं अंतर. लहानपणी दोघंही पाकिस्तान टेलिव्हिजनवर सोहेल राणा यांच्या मुलांच्या कार्यक्रमात गायची.

१९८०, 'कुर्बानी'. फिरोज खाननी तिला लंडनमध्ये ऐकलं आणि संगीतकार बिद्दूकडं पाठवलं. बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजींची, हे एकच बिद्दूचं. पडद्यावर झीनत अमान. १९८१ चं फिल्मफेअर मिळालं तेव्हा नाझिया पंधरा वर्षांची होती.

१९८१, 'डिस्को दीवाने'. इथं झोहेब समोर येतो. चालींवर बिद्दूबरोबर त्याचं नाव आहे, गाण्यांत त्याचा आवाज आहे. वय चौदा-पंधरा.

१९८२, 'स्टार' या चित्रपटाची गाणी. १९८४, 'यंग तरंग', ज्याच्या गाण्यांचे व्हिडिओ लंडनमध्ये चित्रित झाले. १९८७, 'हॉटलाइन'. १९८९, पाकिस्तान टेलिव्हिजनवर शोएब मन्सूर यांचा 'म्युझिक ८९', सूत्रसंचालक हीच दोघं. १९९२, 'कॅमेरा कॅमेरा', अमली पदार्थांविरुद्धच्या त्यांच्या मोहिमेला जोडलेला शेवटचा संग्रह.

खपाचे आकडे संहितेतून काढून टाकले. ही गोष्ट आकड्यांवाचून उभी राहते.

बिद्दूवर वेगळी पट्टी लावली. मूळचा बंगळूरचा, साठच्या दशकात लंडनला गेलेला. १९७४ चं 'कुंग फू फायटिंग' त्यानंच ध्वनिमुद्रित केलं. आणि पुढं १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया'. या दोन टोकांच्या मधोमध ही दोन मुलं बसतात. आपल्याकडं ज्याला नंतर इंडीपॉप म्हणायला लागले, ते चित्रपटाबाहेरचं गाणं कुठून आलं हे या एका पट्टीवर दिसतं.

११ जून

हक्कांचा दिवस. वकील मैत्रिणीकडं दोन तास बसले.

आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं टिकतो. १९८१ चा संग्रह म्हणजे २०४१ संपेपर्यंत. चाल आणि शब्द यांचा हक्क आणखी लांब, कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गाणं मंचावर म्हणायची परवानगी वेगळी आणि ते चित्रावर बसवायची वेगळी. "तीस सेकंद चालतात" असं जे सगळे सांगतात, त्याला कायद्यात कुठंच आधार नाही. समीक्षेसाठी, म्हणजे गाण्याविषयी काही दाखवून बोलण्यासाठी, गरजेपुरता तुकडा घेता येतो. सेकंद किती ते कायदा सांगत नाही, कारण काय ते विचारतो.

परवानगीची जी किंमत कानावर आली, ती आमच्या अख्ख्या खर्चाहून मोठी आहे. तेव्हा ठरलं : मूळ ध्वनिमुद्रण पार्श्वसंगीत म्हणून एक क्षणही वापरायचं नाही. जिथं गाणं उलगडून दाखवायचं तिथंच, तेवढंच.

गायकांवरचा माहितीपट आणि गाणी नाहीत. रात्री झोप लागली नाही.

१९ जून

लक्ष्मीपुरीतले एक जुने कॅसेटवाले भेटले. दुकान आता मोबाइलच्या कव्हरांचं. त्यांनी एक वाक्य दिलं तेच पुरे : "पोरं कोरी कॅसेट घेऊन यायची, एका बाजूला नाझिया भरून द्या म्हणायची, दुसऱ्या बाजूला भावगीतं. घरात विचारलं तर दुसरी बाजू लावायची."

२८ जून

आजची नोंद लांब होणार.

शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या तोंडाला राहणाऱ्या एका बाईंचं नाव कॅसेटवाल्यांनीच सुचवलं होतं. सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही तेच म्हणते. वय साठ. १९८१ ते ८५ या काळात त्या आणि त्यांचे थोरले भाऊ, अण्णा, पेठेतल्या एका ऑर्केस्ट्रात होते. अक्का गायच्या, अण्णा बेंजो वाजवायचे. गणपतीत फलकावर खडूनं लिहायचे : 'कोल्हापूरचे नाझिया-झोहेब'.

गल्लीत मूर्तींचं काम जोरात. दारात शाडूच्या आणि प्लास्टरच्या ओल्या मूर्ती, त्यांच्यातून वाट काढत आत गेलो. कॅमेरा लावेपर्यंत अक्कांनी पोहे पुढं केले आणि बोलायलाच सुरुवात केली. पहिली तीन मिनिटं आवाजाशिवाय गेली. माझी चूक. इथून पुढं माइक आधी, पोहे नंतर.

अक्का म्हणाल्या, "तीबी पंधराची, मीबी पंधराचा. हाटेलात गाणं लागलं हुतं. मी पाण्याची घागर घेऊन उभा राहिलो तसाच. मला वाटलं, ही तर शाळंतली पोरगी गातीया. लताबाईंसारखं गायचं म्हणजे आपल्याला आभाळाला हात लावल्यागत. ही मात्र शेजारच्या बाकावरची."

शेजारच्या बाकावरची. नाझियाच्या आवाजाविषयी मी जे काही वाचलं आहे, त्यात इतकं नेमकं मला कुठं मिळालं नव्हतं.

मी विचारलं, मग बसवायला सोपं गेलं असेल. अक्का जवळजवळ रागावल्या. "सोपं? पोरी, त्यात हरकत न्हाई, मुरकी न्हाई. लपायला जागाच न्हाई. सरळ म्हणायचं. सरळ म्हणणंच लई अवघड असतंय. आणि मी म्हटलं की माझा आवाज बारीक पडायचा. ध्वनिमुद्रिकेत तिचा कसा भरलेला वाटतोय, तसा न्हाई. मी अण्णाला म्हणालो, माझ्यात काय कमी हाय? अण्णा म्हणला, थांब, बघतो."

अण्णांनी काय बघितलं ते विचारलं तर, "ते त्यालाच इचार."

निघताना सहज विचारलं, त्या कार्यक्रमांचं काही ध्वनिमुद्रण? अक्कांनी माळ्याकडं बोट केलं. एक पत्र्याची पेटी. २०१९ च्या पुरात पाणी या घरात कमरेपर्यंत आलं होतं आणि तेव्हा पेटी पलंगाखाली होती. वाळवून वर ठेवली ती ठेवलीच. आत अकरा कॅसेटी, सगळ्यांवर मातीचा थर. एकीवर पेनानं लिहिलेलं धुऊन गेलेलं, फक्त 'गणप' एवढं वाचता येतं.

४ जुलै

ध्वनी सांभाळणाऱ्या मैत्रिणीला अक्कांचं बोलणं ऐकवलं. "ध्वनिमुद्रिकेत भरलेला वाटतो" यावर ती लगेच म्हणाली, भरलेला वाटत नाही, आहेच.

चांगले हेडफोन लावून 'कुर्बानी'तलं गाणं ऐकलं. एकच ओळ चार वेळा. तिसऱ्यांदा मला ऐकू आलं. तिथं नाझिया एकटी नाही, दोन आहेत. तिच्याच आवाजावर तिचाच आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित करून ठेवलेला आहे. दोन्ही वेळा माणूस तंतोतंत सारखं गात नाही. केसाएवढा फरक राहतो, एखादा स्वर इकडं आधी सुटतो, तिकडं नंतर, आणि त्या फरकातून आवाजाला अंग येतं. पंधरा वर्षांच्या कोवळ्या गळ्याला बिद्दूनं तिचाच आधार दिला.

म्हणजे अक्कांमध्ये काही कमी नव्हतं. त्या एकट्या दोन नाझियांशी बरोबरी करत होत्या.

हे त्यांना सांगायला फोन केला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "चव्वेचाळीस वर्सं मला वाटत हुतं माझं चुकतंय."

६ जुलै

अण्णांची भेट, मंगळवार पेठेत त्यांच्या घरी. वय त्रेसष्ट, अजून एका बेंजो पार्टीत वाजवतात. आधी वाद्य दाखवलं. मूळचं बुलबुलतरंग. टंकलेखन यंत्रासारख्या कळा, खाली तारा, डाव्या हातानं कळ दाबायची, उजव्यानं तार छेडायची. त्याला तारांचा आवाज उचलणारा पिकअप बसवून आवाज वर्धकात सोडला की झाला मिरवणुकीतला बेंजो. शब्द नाहीत, फक्त चाल.

अक्कांच्या बारीक आवाजावर त्यांनी काय उपाय केला होता? वाजवूनच दाखवला. बेंजो साधारणपणे गाण्याच्या मधल्या जागा भरतो, गायिका बोलायला लागली की मागं सरकतो. अण्णांनी उलटं केलं. अक्का गायला लागल्या की तेही नेमकी तीच सुरावट, त्याच पट्टीत, तिच्या शब्दाला शब्द लावून वाजवायचे. मधल्या जागा रिकाम्या सोडायचे.

"लोकांस्नी कळायचंच न्हाई बेंजो वाजतोय ते. त्यांस्नी वाटायचं पोरीचा गळाच तसा हाय."

मी कॅमेऱ्यामागं उभी होते आणि अंगावर काटा आला होता. लंडनच्या स्टुडिओत बहुमार्गी फितीवर जे केलं गेलं, ते इथं एका भावानं दोन बोटांनी केलं, आणि लंडनमध्ये काय केलंय हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी फक्त कानानं ओळखलं की या आवाजाला सोबत लागते.

माहितीपटाचं नाव आज बदललं. 'डिस्कोचे दिवस' काढलं. 'दोघांचा आवाज'.

१२ जुलै

कॅसेटी. हे काम मैत्रिणीचं, मी हाताखाली.

पाच स्क्रू काढून कवच उघडायचं. फितीची रिळं अलगद काढून ऊर्ध्वपातित पाण्यात हळू फिरवत धुवायची, माती सुटेपर्यंत. चोळायचं नाही, कारण वरचा चुंबकी लेप जातो. मग सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवण. ऊन नाही, ड्रायर नाही. फितीमागची वाटण्याएवढी नमद्याची गादी सगळ्या कॅसेटींत गळून पडली होती. ती नसली तर फीत यंत्राच्या हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, टेकतच नाही आणि आवाज दबका येतो. रिळं नव्या कवचांत घातली. यंत्राचं हेड अल्कोहोलनं पुसलं. प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा कोन बारीक स्क्रूनं फिरवून वरचे स्वर उघडतात का ते बघायचं, कारण ज्या यंत्रावर १९८२ मध्ये भरलं त्याचा कोन आपल्या यंत्राचा नसतो.

अकरांपैकी चार वाचतील असं वाटतं. फक्त 'गणप' लिहिलेली चिकटली आहे, तिला जास्त वेळ द्यायचा.

१५ जुलै

पाऊस. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली. पंचगंगा किती फुटांवर, याशिवाय गावात बोलणं नाही. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे इथं पोरांनाही पाठ. अक्कांना फोन केला, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "पेटी तुझ्याकडं हाय न्हवं? मग काय काळजी न्हाई."

पेटी माझ्या घरी दुसऱ्या मजल्यावर आहे. रात्री दोनदा उठून बघितली.

२० जुलै

'गणप' बोलली.

आधी गर्दी. शिट्ट्या. कुणीतरी "हॅलो, माइक चेक" म्हणतं. मग निवेदक अक्कांचं आणि अण्णांचं नाव घेतो. ढोलकीवाल्यानं धरलेला डिस्कोचा ठेका, जो डिस्को नाही, पण त्याला पाय थांबत नाहीत. आणि अक्का. सतरा वर्षांच्या. त्या आवाजाच्या खाली, त्याला धरून, बेंजो. अण्णा म्हणाले ते खरं होतं : तो वेगळा ऐकूच येत नाही. मैत्रिणीनं खालचे-वरचे स्वर वेगळे करून दाखवले तेव्हा सापडला.

एकेचाळीस सेकंदांनी गाणं मध्येच तुटतं. खट्. आणि एका बारशातला पाळणा सुरू होतो. बायका हसताहेत, भांडी वाजताहेत, आणि पाळणा म्हणणारा आवाज पुन्हा अक्कांचाच, थोडा मोठा झालेला. कुणीतरी त्याच कॅसेटवर वरून भरलं.

अक्कांना विचारलं. "मीच भरलं. अण्णाच्या थोरलीचं बारसं. दुसरी कॅसेट न्हवती घरात."

वाईट वाटलं का विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. नाही विचारलं.

१ ऑगस्ट

शेवट कसा करायचा यावर आम्हा तिघांचं दोन दिवस भांडण. मित्राचं म्हणणं, नाझियाच्या आजारपणापासून सुरू करू, प्रेक्षक धरून ठेवता येतो. मी नाही म्हणाले आणि त्यावर ठाम आहे. ती ३५ व्या वर्षी, १३ ऑगस्ट २००० ला लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानं गेली. हे एका वाक्यात, त्याच्या जागी, सांगितलं जाईल. तिचं लग्न आणि त्यानंतरचं दुःख यांवर एक फ्रेमही नाही. तो भाग तिच्या माणसांचा.

जे कमी सांगितलं जातं ते मात्र सगळं घ्यायचं. तिनं कायद्याचं शिक्षण घेतलं, संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्क कार्यालयात काम केलं. दोघांनी मिळून व्यसनांविरुद्ध संस्था उभी केली. जनरल झिया-उल-हक यांच्या लष्करी राजवटीत, जेव्हा दूरचित्रवाणीवर बाईनं कसं दिसावं यावर पहारा होता, तेव्हा एक मुलगी भावाच्या शेजारी उभी राहून हसत गात होती. आणि १९८९ च्या त्या कार्यक्रमात दोघांनी पाकिस्तानातल्या नव्या बँडना आपला मंच दिला.

झोहेबचं काय, हा माझा जुना सल. गावात पन्नास जणांना विचारलं असेल : नाझिया म्हटलं की डोळे चमकतात, झोहेब म्हटलं की "हां, तो भाऊ". ज्याचा हात चालींत आहे, ज्याचा गळा निम्म्या गाण्यांत आहे, तो 'तो भाऊ'. माहितीपटात त्याला नऊ मिनिटं दिली आहेत. मित्र म्हणतो जास्त होतात. होऊ देत.

१३ ऑगस्ट

कच्चं संकलन तयार, एकतीस मिनिटं. सहा मिनिटं कापायची आहेत.

'कुर्बानी'तल्या गाण्याचे फक्त आठ सेकंद ठेवले, दोन नाझिया दाखवण्यापुरते. एकदा जसंच्या तसं, एकदा त्यावर मैत्रिणीच्या आवाजात "आता डाव्या कानाकडं लक्ष द्या". वकील मैत्रीण म्हणाली, इथं तू गाण्याची चिकित्सा करते आहेस, हे पटवून देता येईल.

संध्याकाळी आम्ही तिघं आणि अण्णा माझ्या खोलीत बसलो. काही कार्यक्रम केला नाही. अण्णांनी बेंजो आणला होता, वर्धक न लावता वाजवला. वर्धकाविना त्याचा आवाज फारच छोटा येतो, भिंतीपलीकडं जात नाही. शब्द नसल्यानं आज पहिल्यांदा मी निव्वळ चाल ऐकली.

२२ ऑगस्ट

तालमीत बेंजो पार्टीची रंगीत तालीम चित्रित केली. विशीतली पोरं, अण्णा मध्ये बसलेले. पोरं 'डिस्को दीवाने' वाजवत होती. २०१२ च्या एका हिंदी चित्रपटात ते नव्यानं आलं, तिथून त्यांना माहीत. एकानं विचारलं, "हे मूळचं कुणाचं?" अण्णांनी उत्तर दिलं नाही, नुसती पट्टी खाली घ्यायला लावली. "पांढरी चार न्हवं, पांढरी दोन. मुलीचा गळा हाय त्यो, चढवू नगंस."

गायला मुलगी नव्हतीच. तरी त्यांनी तिच्यासाठी पट्टी उतरवली. हे दृश्य मी शेवटाकडं नेलं आहे.

३० ऑगस्ट

गणपती बसले. गल्लीत दिवसभर ध्वनिवर्धक, त्यामुळं मिश्रणाचं काम रात्री एक ते पाच.

लांबी सव्वीस मिनिटं चाळीस सेकंद. आणखी कापणार नाही. एकेचाळीस सेकंदांचं गाणं तुटतं तिथं मी संकलनात हात लावलेला नाही. खट् आवाज ठेवला, पाळणाही बारा सेकंद ठेवला.

३१ ऑगस्ट

दुपारी अक्का आणि अण्णा दोघंही आले. अक्कांना हेडफोन नको होते, "कान झाकले की मला घाबरल्यागत हुतंय". मग स्पीकरवर लावलं. नाझियाच्या आठ सेकंदांना त्यांनी पुन्हा लाव म्हणून सांगितलं. तीनदा लावलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "हां. दोन हायत."

मग स्वतःचं आलं. दोघंही हलले नाहीत. खट् झालं, पाळणा सुरू झाला. अण्णा खिडकीकडं बघत होते. अक्का भावाकडं वळल्या आणि म्हणाल्या, "दुसऱ्या ओळीत तू मागं राहिलास."

अण्णा म्हणाले, "तू घाई केलीस."

मैत्रिणीनं ती ओळ पुन्हा लावली. बेंजो खरंच केसाएवढा मागं आहे. ती म्हणाली, सरकवून जुळवू का, दोन मिनिटांचं काम आहे. अक्कांनी आणि मी एकदमच नको म्हटलं.